आवाजाची सुट्टी

"दीड महिना तोंडातून एक शब्द काढायचा नाही," असं नागपूरच्या घशाच्या डॉक्टरने सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. हसण्याचाही आवाज फाटका निघाला. नवरा शेजारच्या खुर्चीवर बसला होता, तो काही हसला नाही.

डॉक्टरने नाकातून नळी घालून माझा घसा मला टीव्हीवर दाखवला होता. आत आवाजाच्या दोन पट्ट्या आणि दोन्हींवर एकेक पांढरट गाठ. "अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला घट्टे पडतात ना, तसले आहेत हे," तो म्हणाला. "अजून मऊ आहेत. पूर्ण मौन पाळलं तर जिरतील. कुजबुजायचंही नाही, त्याने उलट ताण वाढतो. नाही पाळलं तर कडक होतील. मग ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर आवाज कसा येईल, येईल की नाही, ते मी लिहून देणार नाही."

मी मास्तरीण आहे. एकवीस वर्षं झाली, अजून चौदा बाकी आहेत. आवाज गेला तर माझ्याजवळ राहतं काय? खडू आणि डस्टर.

शाळा जिल्हा परिषदेची, दिघोरीच्या पुढच्या एका लहानशा गावात. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. दोन म्हणजे कागदावर. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, भला माणूस आहे बिचारा, पण त्याचा अर्धा जन्म मीटिंगांत जातो आणि उरलेला अर्धा ऑनलाइन माहिती भरण्यात. मग चारही वर्ग माझ्या खोलीत. पहिलीला अक्षर सांगायचं, चौथीला भागाकार, मधल्या दोघांना "गप बसा रे" सांगायचं, वर पत्रे तापलेले, पंखा खडखडतो. ओरडल्याशिवाय भागतच नाही. मार्चपासूनच माझा आवाज बसला होता. खडीसाखर, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, सगळं करून झालं. एप्रिलमध्ये हजेरी घेताना मी नाव घ्यायची आणि तोंडातून नुसती हवा निघायची. पोट्टे हसायचे. त्यांचं काय चुकलं म्हणा, मलाही हसू आलं असतं.

वरून लोक! "तुम्हा मास्तर लोकांची मजा आहे बाप्पा, पगारी सुट्टी." एका लग्नाच्या पंगतीत एक बाई मला हे म्हणाली तेव्हा मी भातावरचं वरण कालवत होते. म्हटलं, हो ना जी, या एक दिवस, बसा माझ्या जागी. ती म्हणाली, "बाई, तुम्ही भलत्याच रागावता." रागावते, हो. अजूनही रागावते. आता फक्त कोणाला ऐकू जात नाही.

तर सुट्टी लागली आणि मी डॉक्टरचा कागद घेऊन कोंढ्याला माहेरी गेले. दर उन्हाळ्यात जातेच. नवरा तुमसरला राइस मिलमध्ये नोकरीला, मी दिघोरीला खोली करून राहते, आमची भेट रविवारी. पण उन्हाळ्याचा महिना मायचा. बाबा गेल्यापासून माय एकटी असते, भाऊ पुण्याला. फोनवर तिला बोलताच येत नाही. फोन कानाला लावला की "बरी आहो, ठेव" असं ओरडते आणि ठेवून देते. तिचं सगळं बोलणं ती बारा महिने साठवून ठेवते. कोणाच्या घरी काय झालं, कोणाची सून कशी निघाली, तलावात यंदा पाणी किती राहिलं, कोणत्या म्हशीने कोणाला मारलं. मी गेले की दुपारी दार लोटून, कूलरसमोर बसून आम्ही दोघी बोलत सुटतो. ती सांगते, मी मधेच काही विचारते, ती म्हणते "थांब न व, तेच सांगून रायली," आणि परत सुरू. शाळेतल्या माणसाला आराम म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं असतं तर मी ही दुपारच सांगितली असती.

आणि यंदा नेमकं तेच करायचं नव्हतं.

नवऱ्याने मला सोडताना मायला समजावून सांगितलं.

"म्हणजे मुकी झाली काय माही पोरगी?" माय म्हणाली.

"नाही जी माय. घशाले आराम पायजे म्हणते डॉक्टर."

"मंग करू दे आराम. मी हाये न बोलाले."

मी पवनीहून पाटी आणि पेन्सिलीचा पुडा आणला होता, मोठ्या हौसेने. पहिल्याच दिवशी पाटीवर लिहिलं, "चहात साखर कमी टाक," आणि मायसमोर धरली. तिने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माय कुठं शिकलेली आहे! एकवीस वर्षं मी लोकांची पोरं शिकवली, गावोगावच्या निरक्षर बायांच्या याद्या केल्या, आणि माझ्या मायला अ गिरवायला लावला नाही. दर उन्हाळ्यात म्हणायचे, यंदा तुला शिकवते. दर उन्हाळ्यात गप्पांतच दिवस सरायचे. लाज वाटली मला. पाटी पुसून मी ती कोनाड्यात ठेवली.

पहिले तीन-चार दिवस मजेत गेले. आम्ही सरगुंडे करायला घेतले. गव्हाचं पीठ घट्ट भिजवायचं, त्याची बारीक दोरी काडीवर गुंडाळत जायची, काडी काढून वाळवायचं. हात चालतात, तोंड मोकळं असतं, म्हणून हे काम बोलत करायचं काम आहे. माय बोलत होती, मी मान हलवत होते, डोळे मोठे करत होते, कपाळाला हात लावत होते. मग तिला प्रश्न पडायला लागले. "तुया नवऱ्याचं मिलमधलं कसं चाललं?" याला मान कशी हलवायची? मी पुन्हा पाटी काढून चित्रं काढून पाहिली. माझी शाळा काढली, दोन खोल्या, वर पत्रे, समोर झेंडा. माय म्हणाली, "कोठा हाये काय? बैल घेतले काय तुमी?" मी पोट धरून हसले, म्हणजे तोंड दाबून हसले, कारण हसायलाही बंदी होती. तीही हसली. मग ती माझी उत्तरं स्वतःच द्यायला लागली. "तू म्हणशील, माय, एवढं काम नको करू. मंग मी म्हणन, नाई केलं तं कोन करन?" असं दोघींचं ती एकटी बोलायची. किती दिवस बोलेल पण?

हळूहळू ती कमी झाली. आठव्या-नवव्या दिवशी ती गोष्ट सुरू करायची आणि अर्ध्यातच सोडून द्यायची. दहाव्या दिवशी दुपारी आम्ही दोघी समोरासमोर बसून सरगुंडे करत होतो आणि घरात फक्त कूलरचा आवाज होता. संध्याकाळी शेजारची काकू दारात आली तेव्हा मी आतल्या खोलीत होते. माय तिला म्हणाली, "आली हाये पोरगी, पन भिताडासंग किती बोलू व मी?"

काय सांगू मला काय झालं ते. "माय" हा शब्द पार ओठापर्यंत आला. मी तो गिळला. मनाशी म्हटलं, आता गीळ. आता महिनाभर गिळलं तर पुढची सगळी वर्षं बोलता येईल, शाळेत आणि मायशीही. मौन सुटलं की सुट्टी संपायच्या आत आणखी एक आठवडा तिच्याजवळ राहीन आणि तिचे कान किटतील एवढं बोलेन. असं ठरवून मी बाहेर गेले आणि तिच्या शेजारी बसले. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेराव्या दिवशी सरांचा फोन आला. माझी आणि सरांची एक पद्धत ठरली होती. त्यांनी बोलायचं, मी फोनवर नखाने वाजवायचं. एकदा वाजवलं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"मॅडम, आपला पट पंधरावर येऊन रायला," सर म्हणाले. चौथीचे सात जण पास होऊन गेले, मागे उरले पंधरा. वीसच्या आत पट गेलेल्या शाळा बंद करणार, असं दर वर्षी कानावर येतं, आणि दर वर्षी आमची छाती धडधडते. बंद झाली तर आम्हा दोघांना कुठंही फेकतील, ते एक वेळ सोडा. पण पहिलीतल्या पोट्ट्यांनी नाला ओलांडून दुसऱ्या गावात जायचं कसं? पावसाळ्यात त्यावरच्या रपट्यावरून, बुटक्या पुलावरून, बैलगाडीही जात नाही. सर पुढे सांगत होते, "इंग्रजी कॉन्व्हेंटवाले घरोघरी फिरून रायले. गाडी दारात आणतो म्हणतात. मी जनगणनेच्या कामात अडकलो. तुमच्या वाटणीचंही घेतलं न मी? एका शब्दानं बोललो काय तुम्हाले? आता तुम्ही एवढं पाच-सहा दिवस गाव फिरा. बोलू नका, कागद दाखवा. तुम्ही दिसल्या तरी लोकायले बरं वाटते."

तेही खोटं नव्हतं. डॉक्टरच्या दाखल्यावर मी जनगणनेतून सुटले होते आणि माझ्या वाटणीची घरं हा रिटायरमेंटला आलेला माणूस उन्हात फिरून मोजत होता. दोनदा वाजवायला नख उचललं होतं मी, खरं सांगते. पण एकदाच वाजवलं. आम्ही मास्तर लोक असेच. ग्रुपवर साहेबांचं काहीही येऊ दे, कोणाच्या घरी मयत का असेना, खाली पन्नास जणांचं "जी सर", "जी सर". नाही म्हणायला आम्हाला कोणी शिकवलंच नाही, आणि पोरांना तरी आम्ही कुठं शिकवतो!

निघताना मायने सरगुंड्यांचा डबा पिशवीत टाकला. "येशील न परत?" मी जोरजोरात मान हलवली, येईन म्हणून.

गावात तेंदूपत्त्याचा हंगाम होता. माणसं पहाटेच जंगलात जायची, दहाच्या सुमारास पानांची गाठोडी डोक्यावर घेऊन यायची, आणि मग अख्खं घर पडवीत बसून पानं मोजून पुडे बांधायचं. भेटायची तीच वेळ. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, आपल्या शाळेत काय काय आहे, पुस्तकं, गणवेश, जेवण, सगळं. पहिल्या घरी आजोबांनी पुठ्ठा उलटा धरला. दुसऱ्या घरी बाप म्हणाला, "मॅडम, आपल्याले वाचता येत असतं तं," आणि हसला. तिसऱ्या घरची सून कोंढ्याची, माझ्या माहेरची. तिचं पोरगं यंदा पहिलीचं. तिने पानं मोजता मोजता माझा पुठ्ठा वाचला, कारण ती शिकलेली होती, आणि म्हणाली, "बाई, राग नका मानू. तुमच्या मायले मी लहानपणापासून ओळखतो. पन तुम्हाले बोलता येऊन नाई रायलं. मुक्या बाईजवळ पोराले टाकून मी काय करू? कॉन्व्हेंटची मॅडम काल आली होती, किती गोड बोलली."

तिची सासू म्हणाली, "खरंच मुकी झाली व?"

मी तिथं उभी होते, ऊन डोक्यावर, पुठ्ठा हातात. आणि मी बोलले. "नाही," म्हटलं, "मुकी नाही झाली मी. बोलते. चांगली बोलते. तुझ्या पोराला दोन महिन्यांत वाचायला नाही शिकवलं तर नाव बदलेन."

आवाज मोकळा निघाला हो! तेरा दिवसांच्या मौनाने गळा धुतल्यासारखा झाला होता. खरखर नाही, हवा नाही, खणखणीत. किती महिन्यांनी मी माझा स्वतःचा आवाज ऐकत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या बाईला वाटलं मी तिच्या पोरासाठी रडते आहे. तिने पोराचं नाव लिहून दिलं.

मग मला कोण आवरणार! वाटलं, आरामाने काम केलं, गाठी जिरल्या असतील. असं कुठं असतं? पण माणूस स्वतःला पाहिजे ते समजावतो. चौथ्या घरी बोलले, पाचव्या घरी बोलले, पारावर बोलले. पाच दिवस गाव पिंजून काढलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आवाज चिरका झाला, चौथ्या दिवशी गरम पाणी पीत पीत बोलले. सहा नावं मिळाली. पट एकवीस. सरांनी ग्रुपवर फोटो टाकला, खाली अंगठे आणि फुलं. त्यावर लगेच तालुक्याहून निरोप आला, दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, पट वाढवणाऱ्या मॅडमनी आपला अनुभव सांगावा. मी दाखला पाठवला. उत्तर आलं, "पाच मिनिटंच बोला." शंभर मास्तर, माईक बिघडलेला. मी पाच मिनिटं ओरडले. "दमलेल्या शिक्षकांना नवी ऊर्जा," असं त्या प्रशिक्षणाचं नाव होतं, मागे बॅनर लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, नवऱ्याला फोन लावला, "हॅलो" म्हणायला तोंड उघडलं. काही नाही. हवासुद्धा नाही.

नागपूरला परत नळी, परत टीव्ही. या वेळी डॉक्टरने घट्ट्यांची गोष्ट सांगितली नाही. "बोललात," एवढंच म्हणाला. गाठी कडक झाल्या होत्या आणि एका बाजूला रक्त साकळलं होतं. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत करू म्हणाला. मी कागदावर विचारलं, आवाज येईल ना? त्याने कागद वाचला, घडी केली आणि नवऱ्याकडे दिला. बाहेर येऊन नवऱ्याने पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "त्यायले एक शब्द नाई म्हणता येत नव्हता तुले?" मी काय उत्तर देणार, आणि कशाने?

कोंढ्याला जायचं राहूनच गेलं; मायसमोर परत भिंत होऊन बसायचा धीर होईना. उरलेले दिवस गोळ्या, वाफारे आणि दिघोरीच्या खोलीत भिंतीकडे बघण्यात गेले.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. सहाच्या सहा पोरं आली, गुलाबाचं फूल घेऊन फोटो झाले. आठवड्याभरात त्यातली दोन कॉन्व्हेंटच्या गाडीत बसून गेली. त्यांचे आईबाप भांडायला आले नाहीत की काही नाही. नुसतं म्हणाले, बाईला बोलता येत नाही, पोरगं घाबरते. पट एकोणीस. सर म्हणाले, "पाहू काय होते ते." मी टाळ्या वाजवून, फळ्यावर छडी आपटून वर्ग चालवते. सरांनी गळ्यात अडकवायचा छोटा माईक आणून दिला. माझ्या घशातून जे निघतं ते त्यातून मोठं होऊन बाहेर येतं, आणि पहिलीतलं एक पोर ते ऐकून रडलं. मग मी माईक काढून ठेवला.

पहिल्या रविवारी कोंढ्याला गेले. माय अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून उठली, पाणी दिलं, चहा ठेवला. मग कप माझ्या हातात देऊन समोर बसली.

"ते आपल्या इथली पोरगी, तुया शाळेच्या गावाले देल्ली न," ती म्हणाली. "मायेरी आली होती. सांगत होती, तुमची पोरगी काय बोलते जी, गावभर बोलत फिरली. पारावर बोलली. तालुक्याले जाऊन बोलली."

मी कप खाली ठेवला.

"मले आनंद झाला," माय म्हणाली. "म्हटलं, बरी झाली. मंग मी वाट पायली. रोज पायली. म्हटलं, आता येईन, आता मायासंग बोलन." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "त्यायच्यासंग बोलली न तू? मंग मायासंग काहून नाई बोलली?"

सगळं उत्तर होतं माझ्याजवळ. पट होता, सर होते, नाला होता, आणि तुझ्यासाठीच आवाज वाचवत होते माय, हेही होतं. मी तोंड उघडलं. पूर्ण जोर लावला, मानेच्या शिरा ताणल्या. घशातून दार करकरल्यासारखं काहीतरी निघालं. माय दचकली. मी तिचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला, मान हलवली, नाही नाही म्हणून. तिला त्यातलं काय कळलं, देव जाणे.

तिने हात हळूच सोडवून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "नको बोलू. आराम कर तू." मग तांदळाचं सूप माझ्यासमोर सरकवलं, पदराला हात पुसला आणि उठली. "मी काकूकडे बसून येतो जराशी." थोड्या वेळाने भिंतीपलीकडून तिचा आवाज यायला लागला, भराभर, मधे न थांबता. कुठलीशी म्हैस होती, कोणाची तरी सून होती. मी सूप मांडीवर घेतलं आणि खडे वेचत ऐकत बसले.